मेल रांगेत अडकतो तेव्हा सर्व्हर काय करत असतो

आधी प्रश्न सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघणाऱ्या ताईंनी गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला जर्मनीतल्या ग्राहकाला इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मेल केली. रात्री साडेदहाला त्यांच्याच सर्व्हरकडून इंग्रजीत सूचना आली: मेल अजून पोचलेला नाही, प्रयत्न चालू राहतील, तुम्ही पुन्हा पाठवायची गरज नाही. कंटेनरची तारीख जवळ आली होती, म्हणून शुक्रवारी सकाळी त्यांनी तोच मेल आणखी दोनदा पाठवला. सोमवारी ग्राहकाने विचारलं, एकच मेल सात वेळा आला आहे, यातला कोणता धरायचा? त्याच आठवड्यात बंगळूरच्या एजंटला पाठवलेला मेल पाच दिवस रांगेत राहून परत आला. ताईंना तीन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. सर्व्हर इतका वेळ का घालवतो, तीन मेलचे सात कसे झाले, आणि ही पाच दिवसांची मुदत एका दिवसावर आणता येईल का. सोबत त्यांनी सर्व्हरच्या लॉगमधल्या, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदवहीतल्या, ओळीही दिल्या आहेत.

ताई, लॉग दिलात हे फार बरं केलंत. वीसेक वर्षं मी सोलापुरातल्या कारखान्यांचे, सूत व्यापाऱ्यांचे आणि काही कॉलेजांचे मेल सर्व्हर सांभाळतो आहे. "मेल जात नाही" एवढंच सांगणारे फोन रोज येतात, पण लॉगची ओळ क्वचितच कोणी देतं. खरं उत्तर त्या ओळीतच असतं.

आपल्याकडे चादरींचा माल ट्रान्सपोर्टच्या गोडाउनला उतरतो आणि आपल्या हातात एलआर, म्हणजे माल घेतल्याची पावती, पडते. एलआर फाटेपर्यंत माल आपला, फाटली की पोचवायची जबाबदारी ट्रान्सपोर्टवाल्याची. मेलमध्ये ही एलआर म्हणजे २५० हा आकडा. तुमचा संगणक सर्व्हरला पूर्ण मेल देतो, शेवटी एका ओळीवर नुसता एक टिंब पाठवतो, आणि सर्व्हर २५० म्हणतो. त्या क्षणापासून तो मेल त्याच्या अंगावर. पुढच्या सर्व्हरकडून स्वतःला २५० मिळेपर्यंत त्याने तो जपायचा, आणि पोचवता आला नाही तर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. मेल गुपचूप टाकून द्यायला मुभा नाही. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ लिहून एसएमटीपीचे, म्हणजे मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे द्यायच्या पद्धतीचे, नियम घातले. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारा क्रमांकित दस्तऐवज. २००१ मध्ये आरएफसी २८२१ आणि ऑक्टोबर २००८ मध्ये आरएफसी ५३२१ आली, तरी हा जबाबदारीचा नियम तसाच आहे. तुम्हाला जो उशीर वाटतो, ती या शब्दाची किंमत आहे, आणि माझ्या मते ती मोजण्यासारखी आहे.

पलीकडचा सर्व्हर नकार देतो तेव्हा त्याच्या आकड्याचा पहिला अंक बघायचा. ५ ने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार. ५५० आला, तर बहुतेक वेळा तो पत्ताच तिथे नसतो. अशा वेळी सर्व्हर पुन्हा जात नाही, मेल लगेच परत करतो. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर या. ४२१ म्हणजे सेवा सध्या बंद, ४५१ म्हणजे आमच्याकडे काहीतरी बिघडलं आहे, ४५२ म्हणजे जागा कमी आहे. कनेक्शनच लागलं नाही तर आकडा मिळतच नाही, पण तेही तात्पुरतंच समजलं जातं. तात्पुरता नकार मिळालेला मेल डिफर्ड रांगेत, म्हणजे नंतर पुन्हा प्रयत्न करायच्या मेलच्या रांगेत, जाऊन बसतो. एक अडचण आहे. भरलेल्या मेलबॉक्ससाठी काही सर्व्हर ४५२ देतात आणि काही ५५२. त्यामुळे दुखणं एकच असलं तरी एका ग्राहकाचा मेल पाच दिवस लटकतो आणि दुसऱ्याचा पाच सेकंदांत परत येतो.

आता तुमचा गुरुवार बघू. तुमच्याकडे पोस्टफिक्स आहे. वित्सा व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात असताना लिहिलेला हा सर्व्हर १९९८ मध्ये बाहेर आला, आणि आजही मी नवीन जागी बहुधा हाच बसवतो. त्याची पुन्हा प्रयत्न करायची रीत साधी आहे. मेल रांगेत जितका वेळ राहिला आहे, साधारण तितकाच वेळ आणखी थांबायचं. मात्र ते थांबणं ३०० सेकंदांपेक्षा कमी नको आणि ४००० सेकंदांपेक्षा जास्त नको. डिफर्ड रांगेवरून तो दर ३०० सेकंदांनी नजर फिरवतो. म्हणजे साडेसहाला पहिला प्रयत्न फसला, पुढचा सहा पस्तीसला, मग सहा चाळीसला, सहा पन्नासला, सात दहाला, सात पन्नासला. इथून पुढे ४००० सेकंदांची मर्यादा लागते, म्हणून तासा-सव्वा तासाला एक. तुमच्या लॉगमधल्या वेळा या हिशोबाशी मिनिट-दोन मिनिटांच्या फरकाने जुळतात. गुरुवारच्या सगळ्या ओळींत "कनेक्शन टाइम्ड आउट" आहे. याचा अर्थ जर्मनीतला सर्व्हर दारच उघडत नव्हता. साडेदहाची सूचना आली कारण तुमचा सर्व्हर बसवणाऱ्याने उशिराच्या सूचनेची मुदत चार तासांची ठेवली आहे. पोस्टफिक्समध्ये ही सूचना मुळात बंद असते. ज्याने ती चालू केली त्याने तुमच्यावर उपकार केले आहेत.

हे अंतर वाढवत का न्यायचं, दर मिनिटाला का नाही विचारायचं? पलीकडचा सर्व्हर आजारी असेल आणि जगभरचे सगळे सर्व्हर दर मिनिटाला त्याच्या दारावर थापा मारत राहिले, तर तो उठायच्या आधीच पुन्हा पडेल. सुरुवातीला जवळजवळ प्रयत्न करण्यामागेही कारण आहे. बहुतेक अडचणी अल्पजीवी असतात, रीस्टार्ट, लाइन जाणं, क्षणभराची गर्दी, आणि त्या पहिल्या तासात मिटतात. आरएफसी ५३२१ सुचवते की दोन प्रयत्नांत निदान ३० मिनिटं असावीत, पहिल्या तासात दोन प्रयत्न व्हावेत, मग दोन-तीन तासांनी एक, आणि ४-५ दिवस तरी हार मानू नये. एक्झिम सर्व्हरची मूळ रीत निराळी आहे. पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, मग एका तासापासून सुरू करून दर वेळी अंतर दीडपट, १६ तासांपर्यंत असं, आणि नंतर दर ६ तासांनी ४ दिवस पुरे होईपर्यंत. पोस्टफिक्स पाच दिवसांत त्याच मेलसाठी शंभरेक फेऱ्या मारतो.

तिनाचे सात कसे झाले, हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग आहे. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

मेल द्यायच्या प्रत्येक टप्प्याला वाट बघायची वेगळी मुदत असते. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२३ ने या किमान मुदती ठरवून दिल्या. पलीकडच्याच्या पहिल्या नमस्काराची ५ मिनिटं वाट बघायची. पाठवणारा कोण हे सांगितल्यावर ५ मिनिटं, घेणारा कोण हे सांगितल्यावर ५ मिनिटं. "मजकूर पाठवू का" विचारल्यावर २ मिनिटं, मजकुराचा प्रत्येक तुकडा जायला ३ मिनिटं. आणि शेवटचं टिंब पाठवल्यावर १० मिनिटं. पोस्टफिक्स या मुदती जवळपास तशाच पाळतो. फक्त कनेक्शन लागायला तो ३० सेकंदच देतो, कारण बंद दारापुढे पाच मिनिटं उभं राहिलं तर मागची रांग खोळंबते.

शेवटच्या टिंबालाच सगळ्यात जास्त वेळ का? कारण त्या क्षणी पूर्ण मेल पलीकडे पोचलेला असतो. घेणाऱ्याने तो डिस्कवर लिहायचा आणि "२५०, घेतला" म्हणायचं. आता समजा त्याने मेल घेतला, पण २५० म्हणायला इतका उशीर केला की पाठवणाऱ्याचा धीर सुटला आणि कनेक्शन तुटलं. घेणाऱ्याच्या मते मेल पोचला, मेलबॉक्समध्ये पडला. पाठवणाऱ्याच्या हातात पोचपावती नाही. त्याने काय समजायचं? मेल पोचला असं धरून चालला आणि खरं तर पोचला नसेल, तर मेल हरवला. पोचला नाही असं धरलं आणि खरं तर पोचला असेल, तर दुसरी प्रत जाईल. दोन्ही चुकांत कमी घातक कोणती, हे एसएमटीपीने ठरवून ठेवलं आहे: दोनदा जाऊ दे, पण हरवायला नको. निर्यातीच्या इन्व्हॉइसबद्दल तुम्हाला विचारलं असतं तर तुम्हीही हेच सांगितलं असतं. या पेचावर क्रेग पार्ट्रिज यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये आरएफसी १०४७ लिहिली. त्यात घेणाऱ्याला सांगितलेली गोष्ट आजही तितकीच खरी आहे. टिंब आल्यावर लांबलचक कामं काढू नका, आधी उत्तर द्या, बाकीचं मागाहून करा.

तुमच्या लॉगमध्ये शुक्रवारी दुपारनंतर "टाइम्ड आउट व्हाइल सेंडिंग एंड ऑफ डेटा, मेसेज मे बी सेंट मोअर दॅन वन्स" अशी ओळ चार वेळा आहे. पोस्टफिक्स तिथे स्वतःहून सावध करतो आहे की हा मेल एकापेक्षा जास्त वेळा गेला असेल. तुम्ही पाठवलेले मेल तीन, अशा ओळी चार. शेवटी तिन्ही मेलना २५० मिळाला, म्हणजे प्रत्येकी एक रीतसर प्रत, आणि त्याआधी चार प्रती पावतीविना पोचलेल्या. तीन आणि चार सात. ग्राहकाने खोटं सांगितलेलं नाही आणि तुमचा सर्व्हरही बिघडलेला नाही.

पडताळा घ्यायचा असेल तर ग्राहकाकडून सातही मेलचे हेडर, म्हणजे मजकुराच्या वरच्या तांत्रिक ओळी, मागवा आणि मेसेज-आयडीची ओळ बघा. सर्व्हरने पुन्हा पाठवलेल्या प्रतीचा मेसेज-आयडी मूळ मेलचाच असतो. तुम्ही हाताने पुन्हा पाठवता तेव्हा नवा तयार होतो. सात प्रतींत वेगवेगळे मेसेज-आयडी तीनच निघतील. घेणारे काही सर्व्हर सारखा मेसेज-आयडी ओळखून जास्तीच्या प्रती गाळतात, तुमच्या ग्राहकाचा गाळत नसावा. त्याला सध्या इतकंच कळवा की सातही प्रतींतली कागदपत्रं एकच आहेत, कोणतीही धरा.

शुक्रवारी तो सर्व्हर इतका मंद का झाला, याचा धागा गुरुवारशी जुळतो. रात्रभर तो बंद होता. जगभरातून त्याच्याकडे निघालेले मेल आपापल्या रांगांत थांबले होते. तो उठल्यावर सगळे तासाभराच्या आत त्याच्यावर येऊन आदळले. अशा वेळी व्हायरस तपासणीची यंत्रणा सगळ्यात आधी धापा टाकते, आणि तपासणी संपल्याशिवाय २५० म्हणायचं नाही अशी मांडणी असेल, तर दहा मिनिटं सहज उलटतात. तुमच्या त्या चार ओळींत "डिलेज" म्हणून तिरप्या रेघांनी तोडलेले चार आकडे आहेत. पहिला आकडा म्हणजे आताच्या प्रयत्नाच्या आधी गेलेला सगळा वेळ, दुसरा रांगेच्या व्यवस्थापकाकडचा, तिसरा कनेक्शन लावायचा, चौथा प्रत्यक्ष मेल द्यायचा. तुमचा चौथा आकडा चारही ठिकाणी ६०० च्या जरा वर आहे. बरोबर दहा मिनिटं. रोग त्यांच्या टोकाला आहे याचा यापेक्षा ठाम पुरावा मिळणार नाही. त्यांच्या आयटीवाल्यांना ही ओळ जशीच्या तशी पाठवा. काम जाणणारा माणूस असेल तर पाच मिनिटांत ओळखेल.

जाता जाता एक वेगळं दुखणं सांगतो, कारण सोलापुरातल्या ऑफिसांत ते मला याहून जास्त वेळा दिसलं आहे आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. लहान मेल भराभर जातात, पण पीडीएफ जोडलेला मेल काही केल्या जात नाही, आणि लॉगमध्ये "टाइम्ड आउट व्हाइल सेंडिंग मेसेज बॉडी" असतं. इथे मेल टिंबापर्यंत पोचलेलाच नसतो. सर्व्हर ऑफिसातच असेल आणि ब्रॉडबँड पीपीपीओई या जोडणीच्या पद्धतीवर चालत असेल, तर डेटाच्या प्रत्येक पाकिटातले ८ बाइट त्यात जातात आणि १५०० ऐवजी १४९२ चंच पाकीट मावतं. "पाकीट मोठं आहे, छोटं करा" हा निरोप आयसीएमपीमधून, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवायच्या यंत्रणेतून, येतो. कोणीतरी सुरक्षेसाठी म्हणून फायरवॉलमध्ये आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. मोठं पाकीट वाटेत गडप होतं, निरोप येत नाही, दोन्ही टोकं ३ मिनिटं एकमेकांची वाट बघतात आणि तुटतात. मग पाच दिवस तेच. राउटरवर एमएसएस, म्हणजे एका पाकिटात मावणाऱ्या मजकुराची मर्यादा, १४५२ वर बांधून द्यायचं, की झालं. एका ऑफिसात यावर मी पूर्ण दिवस घालवला होता. मेल सर्व्हरची सेटिंग पुन्हा पुन्हा तपासली आणि राउटरकडे संध्याकाळी बघितलं. तेव्हापासून "लहान जातो, मोठा अडकतो" एवढं ऐकलं की मी आधी राउटर मागतो.

आउटलुकमध्येही सर्व्हरची वाट बघायची मुदत असते आणि ती मुळात फक्त १ मिनिटाची असते. मोठा मेल, ऑफिसची मंद लाइन आणि मध्ये अँटिव्हायरस असेल तर तुमच्या टेबलावरच प्रतींची पैदास सुरू होते. मेल आउटबॉक्समध्ये अडकलेला दिसतो, पण सर्व्हरने तो केव्हाच घेतलेला असतो. ही मुदत वाढवून ५ मिनिटं करा.

पाच दिवसांची मुदत कमी करू का, यावर माझं उत्तर "नको" असं आहे. कारण पुस्तकातलं नाही, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतलं आहे.

काही वर्षांपूर्वी एका सूत व्यापाऱ्याच्या ऑफिसात मेल सर्व्हर तिथल्याच खोलीत ठेवलेला होता. संक्रांतीच्या आसपास यात्रेमुळे ऑफिस बंद. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको, नंदीध्वजांच्या मिरवणुकीपासून होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामापर्यंत गावाचं लक्ष दुसरीकडे नसतं. भोगीच्या रात्री वीज गेली, यूपीएसची बॅटरी जुनी होती, ती बसली, आणि वीज आल्यावर सर्व्हर स्वतःहून सुरू झाला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी जाऊन बटण दाबलं. पहिल्या दहा मिनिटांत एक-दोन मेल आले. मग तासाभरात ओघ लागला. इचलकरंजीचे, भिवंडीचे, सुरतेचे, परदेशातले. तिथल्या माझ्यासारख्याच कोणीतरी बसवलेल्या सर्व्हरनी चार दिवस आमच्या बंद दारावर फेऱ्या मारल्या होत्या. त्यांना आम्ही ओळखत नव्हतो, त्यांच्याशी आमचा करार नव्हता, केवळ नियम पाळला म्हणून व्यापाऱ्याच्या ऑर्डरी शाबूत राहिल्या. मालक माझ्या शेजारी उभे राहून एकेक मेल येताना बघत होते आणि प्रत्येक नाव मोठ्याने वाचत होते. तो तास मी विसरलो नाही.

पण सगळे मेल आले नाहीत. काही पाठवणाऱ्यांकडे मेल परत गेले होते, आणि त्यातल्या दोघांनी पुन्हा पाठवायची तसदीही घेतली नाही. ते का, हे नंतर कळलं. ऑफिसात बसवलेल्या एक्सचेंज सर्व्हरची मूळ मुदत २ दिवसांची असते. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरचं एक्सचेंज ऑनलाइन तर २४ तासच थांबतं. म्हणून तुमचा सर्व्हर जेव्हा घेणारा असतो, तेव्हा जग पाच दिवस थांबेल असं गृहीत धरू नका. तो एका दिवसाच्या आत उभा राहिलाच पाहिजे. आणि तुम्ही पाठवणारे असता तेव्हा पलीकडे कुणाची तरी गड्ड्याची यात्रा चालू असू शकते. जर्मनीत ईस्टरला शुक्रवारपासून सोमवारपर्यंत सलग सुट्टी असते. एका दिवसाची मुदत ठेवलीत तर त्या चार दिवसांतले मेल तुम्हीच परत बोलावलेत असं होईल.

मग अडचण तशीच ठेवायची का? तसंही नाही. तुम्हाला मुदत कमी व्हायला नको आहे, खबर लवकर मिळायला हवी आहे. उशिराची सूचना चार तासांवरून दोन तासांवर आणायला सांगा. ती आली की मेल पुन्हा पाठवायचा नाही, फोन उचलायचा. शिपमेंटची कागदपत्रं असतील तर ग्राहकाच्या दुसऱ्या पत्त्यावर, दुसऱ्या कंपनीच्या मेलवर किंवा व्हॉट्सअपवर पाठवून "हीच धरा" असं लिहायचं. रांगेतला मेल आपला मागाहून पोचेल. काही मेल वेळ टळल्यावर पोचले तर नुकसानच करतात, लॉगिनचा ओटीपी हे त्याचं उदाहरण. तिथे छोटी मुदत हवीच. पण पोस्टफिक्समध्ये रांगेची मुदत पूर्ण सर्व्हरला एकच असते, एकेका मेलला वेगळी देता येत नाही. अशा मेलसाठी पोस्टफिक्सची वेगळी इन्स्टन्स, म्हणजे स्वतंत्र दुसरी प्रत, चालवून तिची मुदत तासाभराची ठेवायची. परत आलेले मेल ज्या पाठवणाऱ्यांना पोचतच नाहीत, त्यांच्यासाठी बाउन्सची, म्हणजे मेल परत आल्याच्या सूचनेची, मुदत वेगळी मिळते. ती एक दिवसावर आणायला मी कधीच मागेपुढे पाहत नाही.

रांग जबरदस्तीने पुढे ढकलायचा, म्हणजे फ्लश करायचा, हुकूम पोस्टफिक्समध्ये आहे. त्याबद्दल कळकळीने सांगतो. सुरुवातीच्या काळात एका कॉलेजच्या सर्व्हरवर मी दर पाच मिनिटांनी रांग फ्लश होईल अशी सोय करून ठेवली होती. निकालाचे मेल होते, मुलं फोन करत होती, मला घाई झाली होती. दोन तासांत पलीकडच्या मोठ्या मेल सेवेने आमचा आयपी पत्ता ४२१ देऊन थोपवायला सुरुवात केली. जे मेल एरवी तासाभरात गेले असते, ते दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. वाढत जाणारं अंतर आपल्याही भल्याचं असतं, हे मी त्या दिवशी शिकलो. पलीकडचा सर्व्हर सुरू झाल्याची फोनवर खात्री झाली असेल, तर तेवढाच एक मेल त्याच्या क्रमांकाने पुढे काढता येतो. पूर्ण रांगेला हात लावू नका.

ग्रेलिस्टिंगबद्दल थोडक्यात. इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये मांडलेली ही युक्ती अशी: अनोळखी आयपी, पाठवणारा आणि घेणारा असं त्रिकूट पहिल्यांदा आलं की ४५० किंवा ४५१ देऊन "थोड्या वेळाने या" म्हणायचं. स्पॅम पाठवणारी बरीच यंत्रं परत येत नसत, नीट सर्व्हर येतो. नव्या ग्राहकाला पहिला मेल दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचला आणि नंतरचे लगेच पोचू लागले, तर बहुधा हेच झालेलं असतं. काही करायची गरज नसते.

आता बंगळूरचा मेल. तुमच्या लॉगमध्ये पाचही दिवस एकच ओळ आहे: एमएक्स, म्हणजे त्या डोमेनचा मेल कुठे द्यायचा याची नोंद, शोधताना "होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन". यातले शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. एजंटचं डोमेन अस्तित्वातच नाही असं डीएनएसने, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीने, स्पष्ट सांगितलं असतं, तर पोस्टफिक्सने पहिल्याच मिनिटाला मेल परत केला असता. इथे डोमेन नोंदलेलं आहे, पण ज्या नेमसर्व्हरांकडे, म्हणजे त्या डोमेनच्या नोंदी सांगणाऱ्या सर्व्हरांकडे, बोट दाखवलं आहे ते उत्तर देत नाहीत किंवा भलतंच उत्तर देतात. त्यामुळे तुमच्या सर्व्हरला हे तात्पुरतं वाटलं, आणि त्याने नियमाप्रमाणे पाच दिवस वाट बघितली. माझ्या अनुभवात असं बहुतेकदा होस्टिंग बदलताना होतं. जुन्या होस्टिंगचं खातं बंद करतात आणि डोमेनच्या नोंदीत नेमसर्व्हर मात्र जुनेच राहतात. अशा वेळी त्या माणसाला कुणाचाच मेल येत नसतो, आणि बऱ्याचदा त्याला ते ठाऊकही नसतं. चार तासांची सूचना तुम्हाला तेव्हाही आली असणार. एजंटला आज फोन करा आणि डोमेन ज्याच्याकडे नोंदलं आहे त्याच्याकडून नेमसर्व्हर तपासून घ्यायला सांगा. दुरुस्ती झाली तरी जुनी उत्तरं ठिकठिकाणी काही तास साठून राहतात, तेवढा वेळ जाऊ द्या. मग नवा मेल पाठवा. परत आलेला मेल आता रांगेत नाही, तो आपोआप जाणार नाही.